साखर 52

गुढीपाडव्याला लोक जिम लावतात, मी चूल बंद केली. घरची नव्हे, फक्त माझ्यापुरती. दोन्ही वेळा कच्चं खायचं आणि दूध, दही, तूप, मध यांतलं काहीच घ्यायचं नाही. ‘रॉ व्हीगन’ म्हणजे काय हे सासूबाईंना समजावताना माझी दमछाक झाली. त्यांनी ते एका वाक्यात आटपलं, “म्हणजे रोज एकादशी, तीही साबुदाण्याशिवाय!”

पहिले दहा दिवस झकास गेले. सकाळी केळं, चिकू आणि द्राक्षांचा मोठा पेलाभर रस, दुपारी मोड आलेली मटकी, रात्री काकडी-गाजराची कोशिंबीर. अंगाला हलकेपणा आला आणि स्वभावाला थोडा आगाऊपणा. भेटेल त्याला मी चार उपदेश ऐकवत होते.

मग चैत्रातलं हळदीकुंकू आलं. साडेअकराच्या सुमाराला आंब्याच्या डाळीसाठी कैरी किसत होते. आधी हात थरथरला. मग कपाळावर गार घाम, छातीत धडधड, आणि किसणी हातातून निसटली. सासूबाई काहीतरी विचारत होत्या. उत्तर माहीत होतं, पण शब्द जिभेवर येईना. त्यांना 18 वर्षांचा मधुमेह आहे. ही लक्षणं त्यांना रामरक्षेइतकी पाठ. काही न बोलता त्यांनी त्यांचं यंत्र आणलं आणि माझ्या बोटाला सुई टोचली. साखर 52.

त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पेला पुढे केला. आणि मी, उभं राहता येत नसताना, म्हणाले, “अहो आई, साखर शिजवलेली असते.”

“मग आता उसाचा फड आणू का?” त्या म्हणाल्या. मी मुकाट्याने प्यायले.

पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, 84. मला हे नंतर कळलं की सासूबाईंनी केलं ते अगदी नियमाबरहुकूम होतं. साखर 70 च्या खाली गेली की साधारण 15 ग्रॅम लवकर भिनणारी साखर घ्यायची, 15 मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं आणि अजून कमीच असेल तर तेवढीच पुन्हा घ्यायची. अशा वेळी शेंगदाण्याचा लाडू किंवा चॉकलेट उपयोगाचं नाही. त्यातली चरबी साखरेला रक्तात पोचायला उशीर लावते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांकडे गेले. मधुमेह नाही, कसली गोळी नाही, तरी साखर का पडावी? एका आकड्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, कारण घरचं यंत्र 15 अंक इकडेतिकडे दाखवू शकतं. पण लक्षणं, त्याच वेळी मोजलेली कमी साखर आणि साखर घेताच लक्षणं जाणं, हे तिन्ही जुळलं होतं. ॲलन व्हिपल या अमेरिकन शल्यचिकित्सकाने 1930 च्या दशकात घालून दिलेली ही त्रिसूत्री डॉक्टर अजूनही वापरतात. तपासण्या ठीक आल्यावर त्यांनी माझा आहार लिहून घेतला आणि हसू दाबत विचारलं, “एवढंच?”

तिथे खरी गोम होती. 100 ग्रॅम काकडीत जेमतेम 15 कॅलरी. दिवसाच्या 1800 भरायच्या तर 12 किलो काकडी खावी लागेल. पोट फुगेल, पण शरीर उपाशीच. यकृतात साखरेचा साठा असतो तो 100 ग्रॅमच्या आसपास, आणि माझ्यासारखं रात्री कोशिंबिरीवर झोपलं की सकाळपर्यंत तो बराच उतरलेला. त्यात मी उपाशीपोटी रस ढोसत होते. चावून खाल्लेल्या फळातला चोथा साखरेला आवर घालतो. रसाची साखर एकदम चढते, तिच्या मागे इन्शुलिन धावतं, आणि दोन-चार तासांनी साखर गरजेपेक्षा खाली येते. कच्च्या अन्नाचा यात काही दोष नव्हता. मी कमी खात होते, आणि चुकीच्या क्रमाने.

गांधीजींनीही 1929 मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. भिजवलेले गहू, मोड आलेले हरभरे. त्याबद्दल ‘यंग इंडिया’त लिहिलंही. पुढे आमांशाने हैराण होऊन त्यांना तो सोडावा लागला. मी मात्र लगेच सोडला नाही. आमच्या घराण्यात हट्ट आहे, माहेरचा.

रस बंद केला. सकाळी अख्खं फळ, त्यासोबत मूठभर भिजवलेले शेंगदाणे. तीन तासांच्या वर पोट रिकामं ठेवायचं नाही. रात्रीच्या ताटात ओलं खोबरं भरपूर, आणि आंब्याची डाळ, तीही बिनफोडणीची. सासूबाईंच्या मते ती डाळच नव्हे, पण खाल्ली आवडीने. पर्समध्ये खजूर आले. डॉक्टरांनी बी-12 ची गोळी चालू केली, कारण वनस्पतींत ते भरवशाचं मिळत नाही. राजमा मोड आणून कच्चा खायचा माझा बेतही त्यांनीच हाणून पाडला; कच्चा राजमा विषारी असतो. महिनाभरात साखर पुन्हा पडली नाही. तरी जूनमध्ये पहिला पाऊस पडला, शेजारून भाकरीचा वास आला, आणि संध्याकाळची चूल मी पेटवली. दुपारचं जेवण अजून कच्चंच असतं.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी परवा गाठलं. माझा ‘चार्ट’ हवा होता, साखर आटोक्यात यावी म्हणून. ते ग्लिमेपिराइड घेतात, सासूबाईंसारखंच. ही गोळी तुम्ही जेवलात की काकडी खाल्लीत हे विचारत नाही, इन्शुलिन सोडतेच. इन्शुलिनची सुई घेणाऱ्यांचंही तेच. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड ही धोक्याची घंटासुद्धा नीट वाजत नाही. आणि व्होग्लिबोज घेणाऱ्यांना घरची साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच लागतं. सासूबाईंच्या उशाशी त्याची पुडी असते ती म्हणूनच.

आजोबांना मी चार्ट दिला नाही. तुम्हीही कुणाकडून घेऊ नका. आपल्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहा, तो कागद डॉक्टरांना दाखवा, आणि मगच चूल बंद करा.