वजनकाट्याला काय कळतं?

निवडचाचण्या जवळ आल्या की फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या घरून आमच्याकडे दोनच प्रश्न येतात. वजन कमी कसं करायचं, नाहीतर अंगावर मांस कसं चढवायचं. दोन्हीकडे भिस्त काट्यावर. आम्ही शिक्षक, आकड्यांशी आमची दोस्ती. पण हा आकडा फार थोडं सांगतो.

उस्मान डेम्बेलेचं बघा. 2017 च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोनाने या वीस वर्षांच्या फ्रेंच पोराला साडेदहा कोटी युरो मोजून घेतलं. महिन्याच्या आत त्याच्या डाव्या मांडीमागच्या स्नायूचा, म्हणजे हॅमस्ट्रिंगचा, कंडरा तुटला. शस्त्रक्रियेसाठी फिनलंडला न्यावं लागलं. 2020 मध्ये उजव्या मांडीचं तेच, पुन्हा फिनलंड. हा पोरगा लठ्ठ होता का? छे, काडीपैलवान! काट्यावर कुणीही त्याला शाबासकीच दिली असती.

धावताना पुढे झेपावणाऱ्या पायाला आवरायचं काम हॅमस्ट्रिंग करतो, तेही ताणलेल्या अवस्थेत. वेग वाढला की या ब्रेकवरचा भार वाढतो. युरोपातल्या बड्या क्लबांची 2001 पासून पाहणी चालू आहे. एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा सुरुवातीला 12 टक्के होता, 2021-22 च्या हंगामात तो 24 टक्के झाला. हे सगळे निवडक, घटलेल्या अंगाचे खेळाडू!

सत्तर किलोचे दोघे घ्या. एकाच्या अंगात चरबी सात किलो, दुसऱ्याच्या चौदा. काटा दोघांना सारखंच तोलतो. म्हणून मोठे क्लब चिमट्याने कातडीची घडी मोजतात, किंवा डेक्सा नावाच्या क्ष-किरण यंत्रातून हाडं, स्नायू, चरबी वेगवेगळी पाहतात. चरबी जास्त असली तर गुडघे-घोटे फुकटचं ओझं वाहतात, हे खरंच. ग्वार्डिओलांनी 2016 मध्ये मँचेस्टर सिटीत आल्या आल्या वजन वाढलेल्यांना सरावातून बाजूला काढलं होतं. पण उपाशी राहून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि झिजलेला ब्रेक तुटायला वेळ लागत नाही. एकदा फाटलेला स्नायू पुन्हा फाटण्याचा धोका तर सर्वांत मोठा.

डेम्बेलेने पुढे स्वतःचा फिजिओ नेमला, आहारतज्ज्ञ नेमला. एवढ्यानेच सारं बदललं असं आम्ही म्हणणार नाही, पण 2025 मध्ये बॅलन डी'ओर घेताना त्याची अम्मी मंचावर शेजारी उभी होती. माशाअल्लाह.

मुलांसाठी एक बिनखर्चाचा व्यायाम सांगतो. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे, आणि पाठ ताठ ठेवून पुढे हळूहळू झुकत जायचं. याला नॉर्डिक म्हणतात. नियमित करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या आहेत. पावडरच्या डब्यापेक्षा हे बरं. पोटासाठी अंडी, डाळ, दूध, मासळी घरात असतेच.

रोज्यांबद्दलही विचारतात. कतारच्या व्यावसायिक संघांच्या पाहणीत रमजानमध्ये दुखापती वाढल्याचं दिसलं नाही. अर्थात तिथे सरावाच्या वेळा बदलतात, डॉक्टर हाताशी असतात. आपल्याकडे सहरी चुकवून भर दुपारी पळणारी मुलं आहेत. त्यांचं दोन किलो उतरलं तर त्यात बरंचसं पाणीच असतं. जोराचा सराव इफ्तारनंतर ठेवा, आणि इफ्तारला भज्यांआधी खजूर, पाणी, फळं.

आता मुलींच्या अम्मींसाठी. मुलगी खेळते, बारीक झाली, सगळे कौतुक करतात. पण पाळी तीन महिने आली नसेल, तर ते अपुऱ्या खाण्याचं लक्षण असू शकतं. हाडं कमकुवत होऊन पायाच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. तेव्हा लाजू नका, प्रशिक्षकाला विचारायच्या आधी तिला लेडी डॉक्टरकडे घेऊन जा.