प्रोजेक्टरचे आयुष्य आणि उत्पादकाचे उत्तरदायित्व

घरच्या भिंतीवर चित्रपट उमटविणारा प्रोजेक्टर किती वर्षे टिकेल, या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर छापलेल्या तासांत सापडते अशी समजूत सार्वत्रिक असली, तरी तो आकडा बहुधा यंत्राच्या अखेरीचा नसून, प्रकाश मूळच्या निम्म्यावर येईपर्यंतच्या मुदतीचा असतो. पाऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या दिव्याची ही मुदत साधारणतः २,००० ते ५,००० तासांची, तर एलईडी अथवा लेझर प्रकाशस्रोताची २०,००० तासांच्या आसपास सांगितली जाते. म्हणजे रोज ३ तासांच्या हिशेबाने तब्बल १८ वर्षे. परंतु जाळीवर साचलेल्या धुळीने पंख्याचा वारा अडला, आतील उष्णता वाढली आणि एलसीडी पटलाजवळचे नाजूक भाग करपून चित्रात पिवळसर डाग उमटू लागले, म्हणजे प्रकाशस्रोत शाबूत असूनही यंत्र निरुपयोगी होते. सबब जाळी वेळोवेळी स्वच्छ करणे हे जसे ग्राहकाचे कर्तव्य, तसेच त्या आकड्याचा अर्थ खोक्यावर स्पष्ट नमूद करणे, आणि दिवे, पंखे आदी सुटे भाग त्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतरही वाजवी दरात पुरविणे हे उत्पादकाचे उत्तरदायित्व होय. आणि त्याची तजवीज सरकारने कायद्यानेच सक्तीची केली पाहिजे.