खेळातले युद्ध आणि बातमीतले युद्ध

मे २०२५ मधील त्या तीन-चार रात्री महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत कोणी वेळेवर झोपले नाही. २२ एप्रिल रोजी पहलगामजवळच्या बैसरन येथे २६ निरपराध माणसांना ठार मारण्यात आले होते. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. ७ मेच्या पहाटे भारतीय सेनादलांनी दहशतवाद्यांच्या नऊ तळांवर प्रहार केला, तेव्हा देशभर समाधानाची आणि अभिमानाची भावना उसळली. ती स्वाभाविकच होती. मात्र ८ मेच्या रात्री वृत्तवाहिन्यांच्या पडद्यांवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर जे युद्ध पेटले, त्याची सेनादलांना वार्ताही नव्हती.

या दुसऱ्या युद्धातील काही दारूगोळा प्रागहून आलेला होता. झेक प्रजासत्ताकाच्या राजधानीतील बोहेमिया इंटरॲक्टिव्ह या कंपनीने २०१३ साली ‘आर्मा ३’ नावाचा संगणकीय युद्धखेळ बाजारात आणला. मूळ खेळ काल्पनिक बेटांवर घडतो. पण खेळणाऱ्यांना त्यात स्वतःची भर घालून हव्या त्या देशाची विमाने, रणगाडे आणि गणवेश आणता येतात. अंधाऱ्या आकाशात झेपावणारी क्षेपणास्त्रे आणि पेट घेऊन कोसळणारे विमान असे दृश्य घरबसल्या तयार होते. मग कोणी तरी त्यातला वीस-पंचवीस सेकंदांचा तुकडा कापतो, चित्र मुद्दाम पुसट करतो, वर ‘सीमेवरील ताजे दृश्य’ अशी अक्षरे चढवतो आणि तुकडा जगभर फिरू लागतो. त्या मे महिन्यात पाकिस्तान सरकारच्या अधिकृत ‘एक्स’ खात्यावरूनही अशा खेळातील दृश्य आपल्या सैन्याचा पराक्रम म्हणून प्रसारित झाले. एखादे सरकार आपल्या सैन्याचे शौर्य खेळण्याच्या दुकानातून आणते, यावर हसू येणारच. मात्र हसून झाल्यावर आपल्या अंगणातही एक नजर टाकली पाहिजे.

सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातील पंजशीर खोऱ्यात तालिबानविरोधी लढा चालू होता. पाकिस्तानी हवाई दल तेथे बॉम्बफेक करीत असल्याचे ‘पुरावे’ भारतातील काही वाहिन्यांनी मोठ्या आवेशात दाखवले. त्यांतील एक चित्रफीत ‘आर्मा ३’मधली निघाली, दुसऱ्या चित्रफितीतील विमान अमेरिकेचे होते आणि ते ब्रिटनमधील वेल्सच्या डोंगरांतून सरावासाठी उडत होते! पाकिस्तानने तालिबानला मदत केली की नाही, हा गंभीर प्रश्न होता. त्यावर अभ्यासपूर्ण वृत्तांत देता आला असता. प्रत्यक्षात या खोट्या पुराव्यामुळे खऱ्या आरोपाचीही धार गेली आणि पाकिस्तानला हात झटकायला आयती सबब मिळाली.

त्यातून कोणी काही शिकले असे २०२५ मध्ये दिसले नाही. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी आपल्या नौदलाकडून कराची बंदर उद्ध्वस्त करविले. पाहुणे टाळ्या वाजवत होते, निवेदकांचा आवाज चिरकत होता. ११ मे रोजी व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी पत्रकार परिषदेत सांगितले, की नौदल उत्तर अरबी समुद्रात सज्ज होते आणि कराचीसह निवडक लक्ष्यांवर आपण ठरवू त्या क्षणी प्रहार करण्याची त्याची तयारी होती. म्हणजे प्रहार झालेलाच नव्हता. शत्रूच्या दारात दबा धरून उभे राहण्याचा हा संयम खरे तर अधिक कौतुकास पात्र. पण आधीच्या रात्री बंदर ‘जळताना’ पाहिलेल्या प्रेक्षकाला त्याचे काय अप्रूप वाटणार? एका प्रमुख हिंदी वाहिनीने पुढे दिलगिरी व्यक्त केली, बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशीचा विषय घेतला.

हा केवळ आपल्याकडचा रोग नव्हे. २०११ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने आयरिश अतिरेक्यांवरील माहितीपटात ‘आर्मा २’मधील दृश्य १९८८ची खरी चित्रफीत म्हणून दाखवले, नियामक संस्थेने पुढे तिच्यावर ठपका ठेवला. २०१७ मध्ये रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने अमेरिकेविरुद्धचा निर्विवाद पुरावा म्हणून भ्रमणध्वनीवरील एका खेळातले चित्र जगापुढे ठेवले होते.

मग शहाणीसुरती माणसे फसतात कशी? तंत्रज्ञानाला दोष देणे सोपे आहे. मराठी माणसाला मात्र याचे उत्तर संगणकाच्या कितीतरी आधी मिळालेले आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, परंतु ते जिवंत असावेत ही आशा मराठी मनाने सोडली नाही. त्या आशेवर एक तोतया उभा राहिला. १७७६ साली त्याने कोकणात बंड उभारले, किल्ले घेतले, भलेभले त्याला सामील झाले. अखेर पुण्यात त्याला देहदंड देण्यात आला. ते लोक मूर्ख नव्हते किंवा देशद्रोहीही नव्हते. त्यांना जे खरे असावेसे वाटत होते, तेच कोणी तरी त्यांच्यापुढे आणून उभे केले होते. व्हॉट्सॲपवरची चित्रफीतही नेमके तेच करते. ती पुढे पाठवणारा बहुधा सज्जन आणि देशभक्त असतो, म्हणून त्याच्यावर विश्वासही चटकन बसतो.

याची किंमत कोण मोजतो? सातारा जिल्ह्यातील मिलिटरी अपशिंगे या गावात घरटी सैनिक देण्याची परंपरा आहे. अशा गावातील एखाद्या आईच्या हाती विमान कोसळल्याची, चौकी उडवल्याची चित्रफीत पडते, तेव्हा तिच्यासाठी तो खेळ राहत नाही. भारतीय महिला वैमानिक शत्रूच्या हाती सापडल्याची अफवाही त्याच दिवसांत पसरवली गेली. पत्र सूचना कार्यालयाचा पडताळणी विभाग अशा खोट्या बातम्या एकामागून एक खोडून काढत होता. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह रोज मोजक्या शब्दांत, पुराव्यानिशी माहिती देत होते. जगाने भारतावर विश्वास ठेवावा म्हणून केलेला तो प्रयत्न होता. त्याच वेळी शेजारच्या वाहिनीवर इस्लामाबाद काबीज होत असेल, तर बाहेरच्या माणसाने कोणाला खरे मानायचे?

माहिती व प्रसारण मंत्रालयाने २६ एप्रिल २०२५ रोजीच सूचना काढून कारगिल, कंदाहार आणि २६/११ची आठवण करून दिली होती. २६/११च्या थेट प्रक्षेपणाने सुरक्षा दलांचे काम कसे अवघड केले, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या खटल्याच्या निकालात वाहिन्यांना कठोर शब्दांत सुनावले होते. तरीही मे महिन्यात नागरी संरक्षण महासंचालनालयावर एक विचित्र विनंती करण्याची वेळ आली. चर्चेच्या कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू नका, नाही तर खरा भोंगा वाजेल तेव्हा लोक जागचे हलणार नाहीत, असे त्यांना वाहिन्यांना सांगावे लागले. खेळाला पार्श्वसंगीत लागते, हे समजण्यासारखे आहे. बातमीला कशासाठी?

या साऱ्यात एक गंमतही घडली. मुले दिवसभर खेळ खेळतात, बिघडतात, ही घराघरांतील वडीलधाऱ्यांची तक्रार. ती सर्वस्वी खोटी नाही, पण पुष्कळदा ऐकीव असते. २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ने केवढी घबराट माजवली होती आणि त्या मृत्यूंशी खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही, असे सरकारने जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगितले, ते किती जणांना आठवते? त्याच बिघडलेल्या मुलांनी मे महिन्यात कित्येक घरांत सांगितले, ‘आजोबा, ही बातमी नाही, हा गेम आहे.’ त्यांना ते दोन सेकंदांत कळले होते, कारण तो धूर, ते स्फोट त्यांनी हजारदा पाहिलेले होते. बोहेमियानेच २०२२ मध्ये अशा चित्रफितींच्या खुणा जाहीर केल्या आहेत. चित्र पुसट असते आणि कॅमेरा हलत असतो. दृश्य बहुधा रात्रीचे असते, आवाज नसतो आणि हालचाल करणारी माणसे जवळजवळ दिसतच नाहीत. वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना हे वाचायला सवड मिळाली नसावी.

वाहिन्या सुधारतील तेव्हा सुधारतील. मंडळाच्या, सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या गटांचे प्रमुख मात्र आपल्यातलेच आहेत. युद्धाची चित्रफीत आली, की ती आधी घरातल्या नववी-दहावीतल्या मुलाला दाखवावी आणि त्याने मान हलवली तर तेथेच पुसून टाकावी. अभ्यासाच्या वेळी त्याला पडद्यासमोर बोलावले म्हणून आई रागावेल, तेवढे सोसावे.