खाद्याच्या पोत्यातले औषध

अतिदक्षता विभागात रुग्णाचा कल्चर रिपोर्ट हाती आला की नजर आधी 'आर' शोधते. 'आर' म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही. हल्ली काही रिपोर्टांत वरपासून खालपर्यंत 'आर'च दिसतात आणि हाती उरते ते कोलिस्टिन. मूत्रपिंडाला इजा करते म्हणून आम्ही शिकत होतो त्या काळी अडगळीत पडलेले हे औषध. दुसरे काही उरले नाही म्हणून पुन्हा बाहेर काढावे लागले.

आम्ही जपून वापरतो तेच औषध अनेक देशांत कित्येक वर्षे डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते, तेही वजन लवकर वाढावे म्हणून. २०१५ मध्ये चिनी संशोधकांना डुकरे, दुकानातले मांस आणि रुग्ण या तिन्हींतल्या ई. कोलाय जंतूंत 'एमसीआर-१' हे जनुक सापडले. कोलिस्टिनला न जुमानण्याचा गुण ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज पोचवते. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठीचा वापर थांबवला. डुकरांमधल्या कोलिस्टिनरोधक ई. कोलायचे प्रमाण २०१५-१६ मधल्या ३४ टक्क्यांवरून २०१७-१८ मध्ये ५ टक्क्यांवर आले. माणसांच्या आतड्यांतही ते जनुक कमी आढळू लागले. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

बंदी योग्यच. पण एक औषध काढून दुसरे घातले तर काय मिळवले? मुळात दुखणे आहे आहारात. डुकराचे पिल्लू निसर्गतः कित्येक आठवडे दूध पिते. व्यावसायिक फार्मवर ते तीन-चार आठवड्यांतच तोडले जाते. तेव्हा जठरात पुरेसे आम्ल नसते, पाचक रस तयार नसतात. भरपूर प्रथिनांचे खाद्य न पचता मोठ्या आतड्यात जाऊन कुजते, तिथे ई. कोलाय माजतो आणि पिल्लाला हगवण लागते. कोंबड्यांतही मासळीच्या भुकटीचा अतिरेक झाला की क्लोस्ट्रिडियम जंतूचे फावते. म्हणून संशोधक सांगतात, एकूण प्रथिने कमी करा, लायसिन-मेथिओनिनसारखी अमिनो आम्ले नेमकी घाला, दूध आणखी काही दिवस पाजा, शेडमधले तूस कोरडे ठेवा. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणे बंद केले. त्याआधीच ती सोडलेल्या डेन्मार्कमध्ये सुरुवातीला पिल्लांची हगवण वाढली, हे लपवण्याचे कारण नाही. तरीही तिथला व्यवसाय बुडाला नाही.

'मग चिकन सोडायचे का?' असे ओपीडीत विचारतात. नाही. नीट शिजवल्यावर जंतू मरतात; कच्चे मांस हाताळलेले हात, सुरी आणि पाट मात्र साबणाने धुवा.

खरा प्रश्न पोत्याचा आहे. आपल्याकडे असंख्य शेतकरी करारावर ब्रॉयलर पाळतात. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड आणि राबणे शेतकऱ्याचे. खाद्यात काय मिसळले आहे, हे त्याला बहुधा कुणी सांगत नाही आणि दोष मात्र त्याच्यावर येतो. पोत्यावर प्रत्येक प्रतिजैविकाचे नाव आणि मात्रा मराठीत छापणे सक्तीचे करावे, पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय ते खाद्यात जाऊ नये, आणि सरकारी प्रयोगशाळांनी मांसाबरोबर खाद्याचेही नमुने तपासून निष्कर्ष दरवर्षी जाहीर करावेत.