चौसाळ्याची थकबाकी

आमच्या घरात ज्वारी मोजायला एक जुना पत्र्याचा डबा आहे. मूळचा तो तेलाचा. वरचा पत्रा कापून, कडा आत ठोकून त्याचे माप केलेले. एका बाजूला दोन हातांनी एकमेकांना धरल्याचे चित्र होते. त्यातला एक हात आता गंजाने खाऊन टाकला आहे, दुसऱ्याची बोटे तेवढी दिसतात. चित्राजवळ इंग्रजीत लिहिले होते, की ही अमेरिकेच्या जनतेने दिलेली भेट आहे, विकायची नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात शाळेतले तेल संपले तेव्हा गुरुजींनी तो रिकामा डबा माझ्या आईला दिला. आईला अक्षरओळख नव्हती आणि बारा वर्षांच्या मला ते इंग्रजी धड लागेना. शेवटी गुरुजींनीच अर्थ सांगितला. आई जराशी घाबरली. म्हणाली, "म्हंजी परत करायचा का काय गुरुजी?" गुरुजी हसले, मीही हसलो.

तिचा तो प्रश्न मला पन्नास वर्षांनी पुन्हा आठवला, त्याचे कारण आमच्या गावातली पोरे.

धुळे-सोलापूर महामार्गावर मांजरसुंबा ओलांडून पारगावकडे निघाले, की चौसाळा लागते. निवृत्तीनंतर मी इथेच असतो. दसऱ्याच्या आगेमागे चार-पाच तरुण घरी आले. एक पुण्यात शिकणारा, दोघे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, एकाचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान. म्हणाले, "काका, सोळा ऑक्टोबर हा जागतिक अन्न दिन. आम्ही सुदानमधल्या उपासमारीसाठी वर्गणी जमा करणार. तुम्ही बँकेतले, हिशेब तुम्ही ठेवा." मी हो म्हणालो. संध्याकाळी पारावर बैठक भरली आणि पहिल्याच पाच मिनिटांत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ती थांबवली. "सुदान कुठं आलं रे पोरांनो? तिकडं रस्त्यावर बघा, टोळ्या ट्रकात बसायल्यात. त्यांच्या लेकरांच्या ताटात काय हाय ते बघा की आधी!"

पोरे गप्प झाली. मीही गप्प झालो, कारण म्हातारबाबांचे काहीच चुकले नव्हते. दिवाळीच्या तोंडावर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको दोघांचा मिळून एक 'कोयता' जातो. लेकरे कधी पालावर आई-बापाबरोबर असतात, कधी मागे म्हाताऱ्या आजीकडे. ज्या जिल्ह्यातून माणसे पोटासाठी दरवर्षी सहा-सहा महिने बाहेर जातात, त्याने दुसऱ्या खंडातल्या भुकेची काळजी वाहायची, हे ऐकायलाच कसेसे वाटते. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, असे कोणीही म्हणेल.

तरीही मला वाटते, की ती वर्गणी जमा व्हायला हवी. त्याला पहिले कारण आहे १९७२.

माझ्या वयाच्या माणसांना तो दुष्काळ सांगावा लागत नाही. तरुण वाचकांसाठी थोडेसे सांगतो. पाऊस १९७० पासूनच दगा देत होता आणि १९७२ साली त्याने पूर्णच पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसले, बैल मिळेल त्या भावाने गेले. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशी सरकारी कामे निघाली आणि ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता अशा घरच्या बायकाही डोक्याला फडके बांधून खडी फोडायला बसल्या. त्यांत माझी आई होती. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास. म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत धरले, तरी दर दहांत एक जण खडीवर किंवा मातीवर. कामावर सुकडी वाटली जाई. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळे. तिची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना घशात अडकायची. आम्ही तिला नावे ठेवीत खाल्ली आणि जगलो.

त्या वर्षी महाराष्ट्रात भुकेने माणसांचे सडे पडले नाहीत, याचे मोठे श्रेय त्या कामांना आहे. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी पुढे जगापुढे उदाहरण म्हणून ठेवावे, असे ते काम होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली देशानेही रोजगाराच्या हमीचा कायदा केला. पण सरकारच्या जोडीला आणखी कोणीतरी होते आणि त्या कोणाचीच आम्हाला ओळख नव्हती. ज्या 'केअर' संस्थेचे नाव शाळेतल्या आमच्या दुधा-तेलाशी जोडलेले होते, ती १९४५ साली अमेरिकेत निघाली. महायुद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला तिथले साधे नागरिक दहा-पंधरा डॉलर भरून खाण्याचे एक खोके पाठवीत, अशी तिची सुरुवात. पुढे तिच्यामार्फत सरकारी धान्य-तेलही आले, पण तेही तिथल्या करदात्याच्याच खिशातले. इकडे आपल्या जालन्यात स्कॉटलंडच्या चर्चच्या मिशनने १९६० नंतरच्या दशकात बोअर खोदण्याचे काम सुरू केले. तिथे तयार झालेला हातपंप 'जालना पंप' म्हणून ओळखला गेला आणि आज खेडोपाडी दिसणाऱ्या हापशाच्या पूर्वजांत त्याची गणना होते.

चौसाळा हे नाव त्या देणाऱ्यांपैकी कोणी ऐकले असेल असे मला वाटत नाही. आधी आपल्या गल्लीचे बघू, मग हिंदुस्थानचे, असे ते म्हणाले असते तर त्यांचेही चुकले नसते. गल्लीत गरीब कुठे नसतात?

आता सुदानकडे या. तिथे एप्रिल २०२३ पासून यादवी युद्ध पेटले. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या झमझम नावाच्या निर्वासितांच्या छावणीत दुष्काळाची शेवटची पायरी आल्याचे तज्ज्ञांच्या समितीने जाहीर केले. शेवटची पायरी म्हणजे माणसे उपासमारीने मरू लागतात ती. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी माणसे अर्धपोटी होती, दर बारा माणसांत एक. एवढा मोठा आकडा ऐकला की मन बधिर होते. म्हणून मी पारावर आकडा सांगितला नाही. एवढेच सांगितले, की सुदानातला गरीब माणूस ज्वारी खातो. ज्वारीचे पीठ आंबवून, तव्यावर पातळ पसरून तो 'किसरा' करतो. आपली भाकरी आणि त्याचा किसरा एकाच धान्याचे. आणि हे धान्य मूळचे आफ्रिकेचे. हजारो वर्षांपूर्वी ते तिकडून आपल्याकडे आले आणि आपण त्याचा शाळू केला, हुरडा केला. हे ऐकल्यावर म्हातारबाबा पुढे सरकून बसले. "खरं का?" एवढेच म्हणाले.

लोकांना माहिती देणे हेच निम्मे काम असते, ही गोष्ट महाराष्ट्राला जुनीच आहे. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले आणि त्यांचे सत्यशोधक सोबती यांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी आश्रम चालवला. मदतीसाठी जोतीरावांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात पत्रक काढले. १८९६ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते खेड्यापाड्यांत फिरले. त्यांच्याजवळ वाटायला धान्य नव्हते. दुष्काळात सरकारने काय द्यायचे हे सरकारनेच एका संहितेत लिहून ठेवले आहे आणि ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, हे ते शेतकऱ्याला समजावून सांगत. टिळकांचा 'केसरी' तेच लिहीत होता. इंग्रज सरकारला हे इतके झोंबले, की १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेतली गेली. उपाशी माणसाला घास देणाऱ्याला सरकार भीत नाही. त्याचा हक्क त्याला सांगणाऱ्याला भिते. आमचे गाव तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे हे शहाणपण सांगायला इथवर कोणी आले असेल असे वाटत नाही.

पैशाचे म्हणाल तर मला एक कबुली द्यायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाखेत असताना माझ्या टेबलावर एका दुष्काळ निधीचे खाते होते. प्रतिष्ठित मंडळींची समिती, मिरवणूक काढून जमवलेली वर्गणी, वर्तमानपत्रात फोटो. पैसे जमा झाले आणि नंतर एकही चेक निघाला नाही. समितीत वाद झाला की उत्साह संपला, देव जाणे. सहा-सहा महिन्यांनी मी त्यावर व्याज लावीत होतो. दोन वर्षे व्यवहार नाही म्हणून नियमाप्रमाणे ते खाते निष्क्रिय खात्यांच्या यादीत गेले. यादीवर सही माझी. त्या वर्गणीत शाळेच्या पोरांनी खाऊचे पैसे दिले होते. समितीतल्या एखाद्याला गाठून "साहेब, हे पैसे उपाशी माणसाचे आहेत," एवढे म्हणायला मला कोणी अडवले नव्हते. मी म्हणालो नाही. नोकरीत कागदोपत्री माझी चूक एकही निघाली नाही, पण ही एक मी स्वतः काढून ठेवली आहे.

म्हणून पोरांना मी तीन अटी घातल्या. पैसे रोख ठेवायचे नाहीत, दोघांच्या सहीच्या खात्यात भरायचे. जमा आणि खर्च दर महिन्याला पारावरच्या फळ्यावर लिहायचा. आणि एका दिवसाचा उत्सव करायचा नाही, दर आठवड्याला थोडे द्यायचे. तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे पंगत घालायला कोणी मागे हटत नाही. सप्ताहाच्या काल्याला गावेच्या गावे जेवतात, त्यात वावगे काही नाही. पण भूक सप्ताह संपल्यावरही असते. रयत शिक्षण संस्थेच्या पोरांसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड उभा केला, तो घराघरातून मूठमूठ धान्य बाजूला काढूनच. तेव्हाच्या औरंगाबादेत २०१५ साली युसूफ मुकाती यांनी 'रोटी बँक' काढली. सभासदाने रोज निदान दोन ताज्या पोळ्या आणि भाजी 'जमा' करायची, ज्याला गरज आहे त्याने ती घेऊन जायची. आयुष्य बँकेत घालवलेल्या माणसाला याहून चांगल्या ठेवीची कल्पना सुचणार नाही.

आणि तुम्ही-आम्ही नोकरदार असे नियमित देत आलोच आहोत, फक्त आपल्याला ते ठाऊक नसते. पगारपत्रकात 'व्यवसाय कर' म्हणून एक रक्कम कापली जाते. कितीतरी वर्षे मी तिच्या नावाने बोटे मोडली. १९७५ साली हा कर आला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी, हे मला फार उशिरा कळले. शहरातल्या माणसाच्या पगारातून खेड्यातल्या मजुराचा रोज निघावा, अशी ती योजना होती. माझ्या आईने ज्या कामावर खडी फोडली, तसल्या कामांसाठी माझ्या पगारातून पैसे जात होते आणि मी कुरकुरत होतो. हे कोणी आधी सांगितले असते, तर मी ते हसत दिले असते.

बैठकीत शेवटी ठरले ते असे. दोन डबे ठेवायचे. एक ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या लेकरांसाठी, दुसरा सुदानसाठी. दुसऱ्याचे पैसे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे पाठवायचे, ज्याला २०२० साली शांततेचे नोबेल मिळाले. कोणी कुठल्या डब्यात टाकायचे ही ज्याची त्याची मर्जी. बहुतेकांनी पहिल्यात टाकले, दुसऱ्यात थोडेच जमले. मला त्याचे वाईट वाटले नाही. ज्याला शेजारचे पोर दिसते, त्यालाच कधीतरी लांबचेही दिसेल. म्हातारबाबांनीही पहिल्यातच दहाची नोट टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते घरी आले आणि ओट्यावर बसून त्यांनी विचारले, "ते किसरा का काय म्हणलास, त्याच्यासंगं खातेत तरी काय ते लोक?"

दुसऱ्या डब्यासाठी मी घरातलेच माप दिले आहे. त्यावरचा एक हात गंजून गेला असला तरी तळ अजून शाबूत आहे. "परत करायचा का," या आईच्या प्रश्नाला त्या दिवशी मी हसलो होतो. आता ती नाही. असती तर सांगितले असते, की हो, परत करायचा. ज्यांनी दिले त्यांना नाही करता येणार, ते कोण होते हेच आपल्याला ठाऊक नाही. पण आज ज्याच्या चुलीवर काही नाही त्याला देऊन टाकला, तर खाते चुकते होईल.