धागा : कळफलकाचा नाद आणि ‘ऱ’ची कळ

जुन्या यांत्रिक कळफलकांचे वेड आता मराठी तरुणांतही रुजले आहे. १९८५ च्या सुमारास आलेला आयबीएमचा ‘मॉडेल एम’ हा या पंथाचा कुलदेव. त्याच्या प्रत्येक कळेखाली एक स्प्रिंग असते. कळ दाबताना ती एका नेमक्या क्षणी वाकते, टक्क असा आवाज होतो आणि अक्षर उमटल्याची खूण बोटाला मिळते. या आवाजासाठी लोक हजारो रुपये मोजतात, पाठीवरच्या चिठ्ठीवरून कारखाना आणि साल ओळखतात, तासन्‌तास वाद घालतात. त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ती त्या वेडाच्या पोटातली एक समजूत : मराठीला कळफलकाचा इतिहासच नाही, तिने केवळ इंग्रजीचा कळफलक उसना घेतला.

ही समजूत साफ चुकीची आहे, आणि ती खोडण्याची सुरुवात जालना जिल्ह्यातल्या एका गावापासून करता येते.

घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८ च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायणाचा जन्म झाला. गावाच्या नावात ‘समर्थ’ आले ते त्यामुळेच. पुढे त्यांनी रचलेल्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात हा विषय पाहून अनेकजण चकित होतात. प्रवचनांत तर तो बहुधा वगळलाच जातो.

या समासात साधनांची केवढी आस्था आहे! वेगवेगळ्या देशांचे बोरू आणावेत, ते घट्ट, बारीक, सरळ असावेत. शाई कशी असावी, कागद कसा राखावा, भोवती समास किती सोडावा, हे सारे तपशिलाने येते. पण साधनांच्या कौतुकात समर्थ अडकत नाहीत. त्यांची कसोटी पानावर लागते. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे हवे. एका ओळीची मात्रा वरच्या ओळीला भेदू नये, खालच्या ओळीला अक्षराचे शेपूट लागू नये. ग्रंथ संपेपर्यंत पहिल्या अक्षराचे वळण टिकावे. साधनाचा नाद हा काही परदेशातून आलेला रोग नव्हे. तो मराठीत साडेतीनशे वर्षे जुना आहे. फक्त तिथे बोरूची किंमत त्याच्या कुरकुरण्यावरून ठरत नव्हती.

समर्थांनी सांगितलेली ही मात्रांची आणि ओळींची शिस्त हाताला जमते. यंत्राला मात्र ती तीनशे वर्षांनंतरही जमेना. इंग्रजीसाठी घडलेल्या टाइपरायटरवर साधारण पंचेचाळीस कळा, प्रत्येकीवर दोन चिन्हे. म्हणजे एकूण नव्वदच्या आसपास जागा. त्यांत स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अंक आणि विरामचिन्हे बसवायची. शिवाय इंग्रजी अक्षरे एका रांगेत शेजारी-शेजारी उभी राहतात, तर देवनागरीची चिन्हे वर, खाली, मागे आणि पुढे लागतात.

विसाव्या शतकात रेमिंग्टनसारख्या कंपन्यांच्या यंत्रांवर याची जी तोड निघाली, तिला यंत्रशास्त्रातली हुशारीच म्हणावे लागेल. अक्षरे मोडली. ‘ण’, ‘ध’, ‘भ’ यांना स्वतंत्र पूर्ण कळ मिळाली नाही. आधी अर्धे अक्षर मारायचे, मग काना मारून ते पुरे करायचे. एकच काना अनेक अक्षरांचा पाय झाला आणि कितीतरी कळा वाचल्या. काही चिन्हांसाठी अशा कळा ठेवल्या की त्या दाबल्यावर कॅरेज पुढे सरकतच नसे. ‘कि’ मारताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. कानाने ऐकलेला क्रम उलटा करून बोटांना शिकवावा लागे. ‘क ला पहिली वेलांटी कि’ असे घोकून मोठे झालेले मूल टायपिंगच्या वर्गात जाऊन वेलांटी आधी मारायला शिकत होते.

मात्र याच काळात दुसराही एक सूर जोरात होता : यंत्र अडते, तेव्हा लिपीच छाटावी. सावरकरांनी लिपीसुधारणेची चळवळ केली आणि ‘अ’ची बाराखडी सुचवली, ‘इ’, ‘उ’, ‘ए’ अशी स्वतंत्र अक्षरे न ठेवता ‘अ’लाच वेलांटी, उकार, मात्रा लावाव्यात. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती पद्धत बरीच वर्षे छापूनही दाखवली. १९५३ मध्ये लखनौच्या परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यावी, तिचा दांडा आखूड ठेवावा म्हणजे ती दीर्घ वेलांटीहून वेगळी ओळखू येईल, असा निर्णय घेतला. वाचकांच्या डोळ्यांना ते मानवले नाही आणि १९५७ मध्ये तो मागे घ्यावा लागला. या मंडळींची तळमळ खरी होती. छापखान्याचे आणि कचेरीचे काम सोपे व्हावे, भाषा मागे पडू नये, हीच ती तळमळ. परंतु निदान चुकले. एका विशिष्ट काळातल्या यंत्राची नव्वद चिन्हांची मर्यादा त्यांनी लिपीचा दोष मानली.

आता पुन्हा जांबेच्या परिसराकडे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला. कायद्याने मराठी कचेरीत आली खरी, पण तिला कागदावर उतरवायला यंत्र लागणार होते. स्वदेशी टाइपरायटर त्याआधी थोडाच काळ अवतरला होता : गोदरेजने १९५५ मध्ये तो बाजारात आणला. पुढची कित्येक वर्षे आदेश, नोटिसा, कोर्टातले अर्ज, कार्बन लावून काढलेल्या प्रती आणि सायक्लोस्टाइलसाठी कापलेल्या स्टेन्सिली या साऱ्यांचा भार मराठी कळफलकावर होता. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठीची मिनिटाला तीस शब्दांची अट आजही आहे. तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घामाने ओल्या बोटांनी ती गाठणाऱ्या मुलामुलींसाठी हा कळफलक घरात येणाऱ्या पहिल्या पगाराची वाट होता. आयबीएमच्या स्प्रिंगांवर प्रबंध लिहिणाऱ्यांना याची दखल घ्यावीशी वाटत नाही, हे आश्चर्यच.

त्याहून मोठे आश्चर्य पुढे आहे. ‘मॉडेल एम’नंतर जेमतेम वर्षभरात, १९८६ मध्ये, भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरवला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने तो पुढे वाढवला. इथे प्रथमच नाते उलटले. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्या कळेवर शिफ्टसह ‘ख’, ‘त’च्या कळेवर ‘थ’, ‘ल’च्या कळेवर ‘ळ’. ‘कि’साठी आधी ‘क’, मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसवण्याचे काम यंत्राचे. जोडाक्षरासाठी मध्ये हलन्त. बाराखडी जशी तोंडाने म्हणतात, तशीच बोटांनी लिहिता येते. आणि ‘र’च्या कळेवर शिफ्ट दाबले की ‘ऱ’ मिळतो. तो नसता तर आचार्यांना दिलेले आमंत्रण आणि आचाऱ्यांना दिलेले आमंत्रण यांत फरक उरला नसता.

रेमिंग्टनची मांडणी मात्र मेली नाही. ती संगणकाच्या फॉन्टांत शिरली. कृतिदेवसारख्या फॉन्टात ‘मराठी’ हा शब्द लिहिला की पडद्यावर तो मराठी दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरे असतात. फॉन्ट नाहीसा झाला की मजकूर कचरा. जुन्या मांडणीतली कोणती कळ कोणत्या चिन्हाची होती, हे माहीत असल्याशिवाय अशा फायली पुन्हा वाचता येत नाहीत. कळफलकाचा इतिहास ही निव्वळ हौस नाही, ती या कागदांची किल्ली आहे.

गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटरचे उत्पादन थांबवले. २०११ मध्ये ‘जगातला शेवटचा कारखाना बंद’ अशी बातमी जगभर फिरली. ती अतिशयोक्त होती, इतरत्र यंत्रे बनतच होती. टंकलेखनाची शासकीय परीक्षाही संगणकावर गेली. जुनी यंत्रे भंगारात निघाली, किंवा उपाहारगृहाच्या कोनाड्यात शोभेला बसली. काहींच्या कळा उपटून त्यांची पदके आणि कर्णभूषणे होतात. ज्या संग्राहकाला ‘मॉडेल एम’ची एक मूळ कळ हरवल्यावर झोप येत नाही, तोच देवनागरी यंत्राच्या कळा विकत घेऊन गळ्यात घालतो आणि मित्राला मराठीत निरोप पाठवताना रोमन लिपी वापरतो. याला इतिहासप्रेम म्हणायचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

करण्यासारखे काम साधे आहे, आणि ते करू शकणारी माणसे अजून आहेत. ज्या तरुणाला या मंडळींत सामील व्हायचे आहे, त्याने आपल्या तालुक्यातल्या जुन्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या चालकाला किंवा निवृत्त टंकलेखकाला गाठावे. यंत्राच्या प्रत्येक ओळीचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे, एकही कळ न काढता. कंपनी आणि यंत्राचा क्रमांक टिपावा, कारण सर्व मराठी यंत्रांची मांडणी एकसारखी नव्हती. रिबन बदलून त्यावर पूर्ण बाराखडीचे एक पान त्यांच्याच हातून मारून घ्यावे, आणि त्यांची बोटे चालताना चित्रफीत करावी. शेवटी त्यांना ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द मारायला सांगावेत, आणि दुसऱ्या शब्दातला ‘ऱ’ त्यांनी कोणत्या बोटाने, कोणत्या कळेवर, किती ठोक्यांत काढला ते लिहून ठेवावे.