रस्त्याला दोष देण्यापूर्वी

बारामतीहून भवानीनगरमार्गे इंदापूरला जाताना गतिरोधकावर गाडीच्या पुढच्या चाकातून ‘खट्’ असा आवाज येतो. आपण गाण्याचा आवाज वाढवतो आणि म्हणतो, ‘रस्ताच तसा आहे!’ उसाच्या ट्रॉल्यांना बोल लावणे सोपे असते. खड्डा धक्का देतो हे खरे; पण खडखडतो तो झिजलेला भाग.

म्हणून आधी निदान, मग खर्च. गाडी जॅकवर उचलून खाली भक्कम आधार द्यावा. चाक वर-खाली धरून हलवल्यास ढिले लागले, तर संशय बॉल जॉइंटचा किंवा बेअरिंगचा. डावी-उजवीकडे धरून हलले, तर टाय रॉडच्या टोकाचा. बुशाचे फाटलेले रबर तर डोळ्यांनाच दिसते. शॉकॲब्सॉर्बर बदलायचे तर जोडीने बदलावेत आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी. नाहीतर नवा टायरही एका कडेने झिजतो.

बॉल जॉइंट निखळला, की चाक आडवे होते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे! मागे मुलेबाळे बसलेली असतात. रस्ता सुधारेल तेव्हा सुधारेल. त्या आवाजाकडे कान देणे मात्र आजच आपल्या हाती आहे.